अकरावं गाणं

"दहाच आहेत रे तुझ्या कॅसेटीत! नातीच्या मोबाइलवर अकरा निघाली."

"मग बरंच की काका. इतकी वर्षं एक गाणं कमी सोसावं लागलं."

"दात काढू नकोस. माझ्या टॅक्सीत अजून कॅसेटच वाजते. ते अकरावं तेवढं घालून दे."

टेपवाल्याने हातातला चार्जर खाली ठेवला. डोळे चुरचुरत होते, कंबर केव्हाचीच बोलत होती. टेपवाला हे नाव तेवढं उरलं होतं, धंदा कधीच मेला. आता चार्जर, इयरफोन, फुटक्या काचा. कॅसेटच्या नकला काढायचा जुना डबल डेक धूळ खात होता. त्याच्या जागी मोबाइल कव्हरांचा स्टँड लावा, असं बायकोने सकाळीच बजावलं होतं. भंगारवाला दुपारी यायचा होता.

"आज नाही जमणार काका. मशीन चाललं भंगारात."

"जायचंय ना? गेलं नाही अजून. नाहीतर असं कर, तुझी ती मूळ कॅसेटच दे मला."

"मास्टर दुकानाबाहेर जात नाही. दूध विकावं, म्हैस विकू नये."

"तुझी म्हैस आटून किती वर्षं झाली!" काका हसला. "एक भाडं सोडून येतो. तोवर कर."

त्या कॅसेटला गाव 'लाल कॅसेट' म्हणायचं, वरचं पाकीट लाल म्हणून. केस कापणाऱ्याकडे तीच, टॅक्सीत तीच, लग्नाच्या मांडवातही तीच. टेपवाल्याने तिच्या पोत्यानं नकला काढल्या होत्या. साठ मिनिटांची कोरी टेप स्वस्त पडायची आणि अल्बम होता थोडा लांब. मग शेवटचं गाणं बाहेर. सगळा बाजार हेच करायचा. हूं की चूं कुणी केलं नाही, कारण अकरावं आहे हे ठाऊक कुणाला?

त्याने तरी ते कुठे ऐकलं होतं? नक्कल दुप्पट वेगाने निघायची, आवाज बंद ठेवून. चालू ठेवला तर चिमण्या भांडल्यासारखा कलकलाट. नक्कल झाली की पहिली ओळ तपासायची, पुढची टेप घालायची. ती एक ओळ ऐकून ऐकून नकोशी झालेली. "पोरींची नाचायची गाणी," असं तो कुणीही विचारलं की सांगायचा. आयुष्यभर गाणी विकली आणि घरी गेला की रेडिओ बंद करायला लावायचा.

दुप्पट वेगाचं बटण आता मेलं होतं. मास्टर जुनी, कधी टेप आत गुंतेल नेम नाही, म्हणून आवाजही चालू ठेवणं आलं. त्याने काकासाठी नव्वद मिनिटांची कोरी टेप शोधली, बटणं दाबली आणि चार्जरकडे वळला.

ती ओळ आली. घरचं दार आपटून एक पोरगी निघते, ढोल तिच्यापुढे पळतो. तो तोंड वाकडं करून स्क्रू फिरवत राहिला. तिसऱ्या गाण्यात मात्र हात मंदावला. गाणाऱ्या बाईच्या आवाजाखाली एक जाड तार चालली होती, थकलेल्या बैलासारखी, पण पाऊल न चुकता. कुठे एक सूर जास्तीचा नाही. पाचव्या गाण्यापर्यंत चार्जर तसाच उघडा पडला होता. बाजू उलटवताना त्याने दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं.

दहावं संपलं. इथेच तो आजवर कापत आला होता.

मग तीच पहिली चाल आली, पण अर्ध्या वेगाने. ढोल नाही, काही नाही. नुसता गळा आणि एक पेटी. ती पोरगी परत आली होती. दार वाजवत होती. मधली नऊ गाणी नाचायची नव्हतीच, तिची वाट होती ती. टेपवाल्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर ठेवून दिला. इतकी वर्षं त्याने या पोरीला दाराबाहेर उभं ठेवलं होतं.

तेवढ्यात चट्‌ आवाज झाला. नक्कल घेणाऱ्या बाजूचा बेल्ट तुटला, चाक थांबलं. मास्टर मात्र वाजत होती. समोर मशीन बिघडलंय आणि आपला हात उठत नाही, असं त्याच्या जन्मात झालं नव्हतं.

"शेठ, उचलू का?" भंगारवाला शटरखालून वाकला.

"थांब. संपू दे."

"तुटलंय ते. काय संपायचंय?"

"बस म्हणतो ना!"

भंगारवाला पायरीवर टेकला आणि बिडी पेटवायची विसरला. गाणं संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, "पोरीला आत घेतलं की नाही?"

"ते सांगितलं नाही तिने," टेपवाला म्हणाला. "उचल आता. बायको येईल."

काका आला तेव्हा डेकच्या जागी भिंतीवर धुळीचा चौकोन होता.

"झालं का?"

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! बेल्ट गेला ऐन शेवटी." त्याने लाल पाकीट पुढे केलं. "ही घ्या. अकराही आहेत हिच्यात. उन्हात ठेवू नका."

काका पाकिटाकडे पाहत राहिला. "मास्टर? आणि तुला?"

"माझ्याकडे वाजवायला आहे काय आता?"

"एवढं चांगलं आहे का रे ते?"

"ऐका की. पहिल्यापासून ऐका, नाहीतर कळायचं नाही."

काका गेला. दारात एक बाई मोबाइल पुढे करून उभी होती. "चार्ज होत नाही हो हा."

"वायर कुठली वापरता?" त्याने चष्मा नाकावर सरकवला, कंबर दाबली आणि सकाळचा उघडा चार्जर बाजूला सारून तिच्या मोबाइलचं भोक दिव्याखाली धरलं.