ओला हात

कमल, माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर चौथीतच सुटलं. तू माझी धाकटी जाऊ, म्हणून तुलाच लिहिते. वाच आणि फाडून टाक.

२०१४ साली मी न्यूझीलंडला निघाले तेव्हा तू फाटकाशी रडत होतीस. आत्याबाई सासूच्या तोऱ्यात ओट्यावर बसल्या होत्या. मी पाया पडले तर म्हणाल्या, "लेकीच्या घरी लोणचं घालू नको. तुझा हात ओला." लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी घातलेलं लोणचं बुरसलं, तेव्हापासून भावकीत माझी हीच ओळख. गाडीवाल्यासमोरही त्यांनी सोडलं नाही. मी मान खाली घालून बसले.

सुजाता इथं थंड समुद्राच्या काठी राहते. पाण्यात डोळ्याला न दिसणारं शेवाळ असतं, त्यावर तिचं काम. धक्क्यावरून भरून आणलेल्या बाटल्या ती लाँड्रीच्या खिडकीत ठेवायची. चहाचा कप विसळल्यासारखं तपकिरी पाणी. एकदा फरशी पुसताना मी त्या बाटल्याही ओल्या फडक्यानं पुसल्या. एकीचं झाकण सैल होतं, ते काढून नीट बसवलं.

पुढच्या आठवड्यात त्या पाण्याचा रंग उडाला. सुजातानं थेंबभर घेऊन घरच्या मायक्रोस्कोपखाली धरला आणि ओरडली, "आई, बुरशी!"

मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. वाटलं, एवढा समुद्र ओलांडला तरी हात तोच. बाहेर आले ते थेट बॅग काढायला.

"मला परत पाठव. तुझं शेवाळ माझ्या हातानं मेलं."

ती आधी हसली. मग माझं तोंड बघून तिनं बॅग बाजूला सारली. "अगं, हीप्स, ढीगभर बाटल्या तपासल्या मी ही बुरशी सापडावी म्हणून! ये, बघ."

मला एक डोळा मिटून बघायला जमेना, त्याचीही लाज वाटली. मग दिसलं. काचेच्या करंड्यासारखं शेवाळ, आणि त्याच्या पाठीला चिकटलेला एक गोल ठिपका.

"तो आत मुळी घालून रस पितो. भरला की फुटतो, आणि पिल्लं पोहत दुसरं शेवाळ शोधतात. समुद्रातूनच आलाय तो, आई."

"माझ्या हातावरून नाही?"

"हातावर तो जगणारच नाही."

रविवारी आत्याबाईंना फोन केला. जयभीम म्हटलं आणि एका दमात सांगून टाकलं, की बुरशी कधी पाण्यातूनही येते, तेव्हा बरणीच ओली असेल. त्यांनी तिकडे पंखा बंद केला. मग म्हणाल्या, "त्या साली बरणी मीच धुतली होती. तुझ्या सासऱ्याला ताप होता, पुसायची राहिली."

मला आनंद व्हायला हवा होता ना? पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऐंशीच्या घरातल्या बाईकडून मी हे वदवून घेतलं. आणि इतकी वर्षं लग्नाकार्यात पानं वाढताना लोणच्यापासून लांब राहिले, एकदाही विचारलं नाही की बरणी कुणी धुतली. त्यानंतर फोनवर आम्ही दोघी फक्त हवापाण्याचं बोललो.

या वर्षी शेजारणीनं लिंबं दिली. इथली लिंबं जाड सालीची, चेंडूएवढी. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथं डेअरी म्हणतात, तिथून मीठ आणलं. सुजाता म्हणाली, "आई, चमचा कशाला? हातानंच कालव." तिच्या ओट्याशी कोपरापर्यंत तिखट माखून मी उभी राहिले, तेव्हा पहिल्यांदा ते घर मला माझं वाटलं.

एक बरणी या चिठ्ठीबरोबर पाठवते. मी स्वतः चाखलेलं नाही, अजून धीर होत नाही. पहिली फोड आत्याबाईंच्या पानात वाढ. कुणाच्या हातचं ते त्यांनी विचारलं तरच सांग.

आणि कमल, चमचा कोरडा घे.