हिला म्यूट करा

“हिला म्यूट करा रे. पॉवरलूम घुसलाय कानात.”

माझ्या गाईड सरांचं हे वाक्य मी कामतघरच्या लूमवस्तीत, आमच्या चाळीतल्या खोलीत, लॅपटॉपसमोर बसून ऐकलं. स्क्रीनवरची सगळी तोंडं हसली. लगेच माझा माईक बंद. बंद करणारा अनिरुद्ध. लॅबमधला सीनियर, सरांचा लाडका.

दुपारची वेळ होती. प्रयोग युरोपातल्या एका मोठ्या एक्स-रे केंद्रात चालला होता. तिथला बीम, म्हणजे एक्स-रेचा झोत, आमच्या ग्रुपला मोजकेच दिवस मिळालेला. सर आणि अनिरुद्ध मुंबईच्या संस्थेत मोठ्या स्क्रीनपुढे बसून तो चालवत होते. मला सांगितलं होतं, “इथे गर्दी नको, तू घरून बघ.” क्रिस्टल मात्र माझं. कॉपर ऑक्साईडचं, काळं कुळकुळीत, तांदळाच्या कणीएवढं. किती वेळा भट्टीत फुटलं, तेव्हा कुठे एक धड निघालं. माझी पीएचडी त्याच्यावर उभी आहे.

त्यात तांब्याचा एकेक अणू म्हणजे इवलासा चुंबक. एकाचं तोंड वर, शेजारच्याचं खाली. एक्स-रे आदळला की एखादा चुंबक हलतो आणि ती हालचाल शेजाऱ्यांतून लहर होऊन पळते. लूमवरचा ताणलेला धागा छेडला की थरथर पुढे जाते, तशी. परत येणाऱ्या एक्स-रेची ऊर्जा तेवढी कमी भरते. त्यावरून लहर ओळखायची. सकाळपासून ती स्वच्छ दिसत होती. मला तर नाचावंसं वाटत होतं.

मग अनिरुद्धने तापमान उतरवलं. थंडीने क्रिस्टल डिंकाने चिकटवलेला होल्डर आकसतो, क्रिस्टल जागचं सरकतं, बीम पुन्हा त्याच्यावर आणावा लागतो. त्याने आणला नाही. तसंच मोजमाप सुरू केलं. लहरीची खूण गेली. मी माईक उघडला.

“सर, बीम क्रिस्टलवर नाहीये. बाजूच्या डिंकावर पडतोय. थांबवा.”

मोठ्याने बोलले. आमच्या गल्लीत सगळेच मोठ्याने बोलतात. भिंतीपलीकडे लूम धडधडत असतात, हळू बोलणारा माणूस आमच्याकडे आजारी समजतात. संस्थेत पहिल्याच वर्षी सर म्हणाले होते, “तू सेमिनार देतेस की भाजी विकतेस?” तेव्हापासून आवाज दाबायला शिकले. सुट्टीत घरी आले की शेजारच्या काकू विचारायच्या, घसा बसलाय का गं. त्या दुपारी घाईत दाबायचं राहून गेलं.

माईक बंद झाल्यावर चॅटमध्ये लिहिलं. पुन्हा लिहिलं. फोन केला, अनिरुद्धने कापला. बीम डिंकावर पडत राहिला. मी नुसती बघत राहिले. संताप संताप झाला.

आई दारातून डोकावली.

“कोनाशी बोलत व्हतीस? तोंड का उतरलं तुजं?”

“माझा आवाज बंद केलाय त्यांनी.”

“आन तू करून दिलास?”

मला आधी तिचाच राग आला. तिला काय कळतंय, असंही मनात आलं. मग लाज वाटली. तिने बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यात संस्थेत मीटिंग. परदेशातले सहकारी स्क्रीनवर, आम्ही टेबलाभोवती. सर त्यांना इंग्रजीत म्हणाले, सँपल, म्हणजे माझं क्रिस्टल, खराब निघालं, ही सांगेल. मग माझ्याकडे वाकून, हळूच मराठीत, “सॉरी म्हण आणि विषय संपव.”

अनिरुद्ध पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. मी उभी राहिले आणि इंग्रजीत सांगितलं. सँपल चांगलं आहे. तापमान उतरवल्यावर बीम जागेवर आणला नाही. मी तेव्हाच सांगितलं, माझा माईक बंद केला गेला. चॅट उघडून बघा.

“आवाज खाली,” सर म्हणाले.

“नाही येणार खाली, सर.”

कुणी माझी बाजू घेतली नाही. मीटिंगनंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या बीमटाईमला तू नाहीस, दुसरा गाईड शोध म्हणाले.

शोधेन. नाही मिळाला तर वर्ष जाईल, जाऊ दे. पण मी वाढवलेलं क्रिस्टल सोडून बीम भलतीकडे पडत असताना मला गप्प राहायला सांगाल, तर मी राहणार नाही. आणि मी न केलेल्या चुकीची माफी माझ्या तोंडून निघणार नाही.