बेलाच्या पानाचा वाडगा

जसुबेननी टेबलावर बेलाचं पान ठेवलं आणि म्हणाल्या, "वाडगा असा पाहिजे. तीन पाकळ्यांचा. लाकडाचा."

"होऊन जाईल," आमचे शेठ रमणभाई म्हणाले.

मी आणि सुपडूअप्पा दाराशी उभे होतो. करायचं आम्हा दोघांना होतं, शेठना नव्हे. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. भेस्तानला, गुजरातेतल्या कापड कारखान्यांच्या वस्तीत, शेठची शेड होती आणि त्यात दोन लेथ होते. लेथ म्हणजे लाकूड आडवं धरून गरागरा फिरवणारं मशीन. कुंभाराचं चाक उभं केलं आणि मातीऐवजी लाकूड लावलं, असं समजा. लाकूड फिरत राहतं. आपण फक्त पटाशी घट्ट धरायची. जिथं धार टेकते तिथं लाकूड सोललं जातं. आम्ही वर्षानुवर्षं लूमच्या (यंत्रमागाच्या) बॉबिन काढल्या, म्हणजे धागा गुंडाळायच्या लाकडी नळ्या. मग प्लास्टिकच्या बॉबिन आल्या आणि आमचं काम आटलं. लेथ बघायला एक भंगारवाला येऊन गेला. त्यानं लेथवर टिचकी मारली, ते अप्पांना फार लागलं. शेठनी स्पष्ट सांगितलं होतं, शोभेच्या वस्तूंची चांगली ऑर्डर मिळाली तर लेथ राहतील. नाहीतर जातील.

मी तरणा होतो, लूमवर लागलो असतो. अप्पा अमळनेरकडचे, पन्नाशी ओलांडलेले. त्यांना लेथशिवाय काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

जसुबेनचं लग्नातल्या भेटवस्तूंचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाला पाहुण्यांसाठी बेलपानासारखे वाडगे हवे होते, कारण घरात महादेवाची भक्ती. (शेठ आणि जसुबेन गुजरातीत बोलायचे. मी आपल्या भाषेत लिहितोय.)

"कोरून नाही चालणार?" शेठनी विचारलं.

"कोरणाऱ्याकडे जाऊन आले. तो म्हणतो, पुढच्या वर्षी या. लग्न काय पुढच्या वर्षी आहे? मी शनिवारी नमुना बघायला येते."

त्या गेल्यावर अप्पा म्हणाले, "शेठ, जे फिरतं ते गोलच निघणार. वाटी मागा, ताटली मागा. पान मागू नका."

"मी कुठं मागतोय? जसुबेन मागतात," शेठ म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

सुट्टीच्या दिवशी डिंडोलीच्या घरी मी नळाशी बसलो होतो. बायको, कुसुम, धुणं धूत होती. तिच्या हातातून साबणाचा ओला तुकडा निसटला, फरशीवर पडला आणि कोपऱ्यावर उभा राहून त्यानं एक गिरकी घेतली. क्षणभरच. पण त्या क्षणी तो चौकोनी दिसत नव्हता. मधे खपाटीला गेलेल्या डमरूसारखा दिसत होता.

मी साबण उचलला. सुरीनं कापून त्याचा चारी बाजूंनी सारखा ठोकळा केला, लुडोच्या फाशासारखा. छत्रीची जुनी काडी घेतली आणि एका कोपऱ्यातून घुसवून बरोबर समोरच्या कोपऱ्यातून बाहेर काढली.

"हाई काय करी ऱ्हायनात? मना साबन शे तो," कुसुम आमच्या गावाकडच्या बोलीत म्हणाली.

"काडी धर आणि फिरव," मी म्हणालो.

ती बघतच राहिली. मग रवी फिरवतात तशी तिनं काडी दोन्ही तळहातांत घेऊन फिरवायला सुरुवात केली, आणि मी खालून चमचा लावला. तेव्हा मला कळलं. अशा कोपऱ्यावर उभ्या केलेल्या ठोकळ्याला, काडीचे दोन सोडून, तीन कोपरे वर असतात आणि तीन खाली. खालचे तीन चमच्यानं उडाले. वरचे तीन राहिले. मग मधला भाग पोखरला. काडी काढली तर हातात साबणाचा इवलासा वाडगा, तीन टोकं वर उचललेली. फिरवूनच काढला होता, तरी गोल नव्हता.

मला हसू आवरेना. कुसुमला आधी राग आला होता, तो कुठच्या कुठं गेला. "आखो फिराऊ का?" विचारत ती पुन्हा काडी मागत होती. आम्ही आणखी दोन वाडगे काढले. धुणं तसंच राहिलं. शेजारीण डोकावली तेव्हा आम्ही दोघं फेसात बसून हसत होतो. तिनं दार हळूच लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साबणाचा वाडगा अप्पांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, हुंगला.

"साबण मऊ असतो," ते म्हणाले. पण उठले आणि हळदूच्या पिवळ्या लाकडाचा ठोकळा शोधायला लागले.

अडचण होती ती ठोकळा धरायची. लेथमध्ये लाकूड दोन टोकांत दाबून धरतात, आणि कोपरा दाबला की तो सटकतो. म्हणून आम्ही दोन लाकडी खोबण्या केल्या, कोपरा आत बसेल अशा. पट्टा मोठ्या पुलीवर टाकून स्पीड कमी ठेवला. मोटर चालू केली. पटाशी टेकवली. एरवी लाकडाची साल सुळसुळत निघते. इथं लाकूड, हवा, लाकूड, हवा. पटाशी टकटकटकटक वाजायला लागली आणि हात खांद्यापर्यंत थरथरला. तेवढ्यात ठोकळा गेला.

गेला म्हणजे खिडकीतून गेला. आम्ही दोघं डोकं वाचवायला खाली बसलो होतो. भिंतीपलीकडे डाईंग होतं, कापड रंगवायचा कारखाना. तिकडून डुबुक असा आवाज आला. थोड्या वेळानं डाईंगचे मास्तर आमच्या दारात उभे. त्यांच्या हातात आमचा ठोकळा, आणि तो गर्द राणी रंगाचा झाला होता. त्यांचा शर्टही.

"हे तुमचं आहे का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

अप्पांनी ठोकळा घेतला, बघितला आणि म्हणाले, "रंग पक्का आहे का?"

मास्तर रागावणार होते, पण आधी हसले. मग गेलेच नाहीत. पुढे काय होतंय ते बघायला स्टूल ओढून बसले.

खोबण्या खोल केल्या. खिडकीला फळी ठोकली. दुसरा त्रास असा की फिरताना पाकळ्या दिसतच नाहीत. चालू पंख्याची पाती दिसतात का? तसंच. नुसती पुसट सावली असते, आणि त्या सावलीत बोट गेलं तर गेलंच. मास्तरांनी आपल्याकडून काळ्या कापडाचा तुकडा आणला. तो मागं टांगला, तेव्हा पिवळ्या लाकडाची सावली नीट दिसायला लागली. अप्पा सावली बघून काम करत होते. आधी खालची बाजू, मग उलटं धरून आतला खळगा.

अप्पांनी मोटर बंद केली. सावली हळूहळू मंदावली, थरथरली, आणि काहीच नव्हतं तिथून तीन पाकळ्या उगवल्या. टोकं वर, अंग आत वळलेलं, पिवळंधमक.

अप्पांनी पुन्हा मोटर चालू केली. पाकळ्या गेल्या. बंद केली. आल्या. चालू. बंद. हा माणूस मी कधी हसताना बघितला नव्हता. आता त्यांचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अप्पा, मला," मी म्हणालो.

"थांब, माझं झालं नाही."

मग मास्तरांनी एकदा बटण दाबलं. डाईंगची माणसं आली, शेजारच्या लूमवरची आली, रांग लागली. शेठ ओरडायला आले आणि दोनदा बटण दाबून गेले. तिसऱ्यांदा परत आले.

शनिवारी जसुबेन आल्या. आम्ही वाडगा पॉलिश करून टेबलावर ठेवला होता, शेजारी बेलाचं पान. त्यांनी वाडगा उचलला, टेबलावर ठेवून डोलतो का बघितलं, आत वेलदोडे टाकून बघितले. कोरलेला नाही यावर त्यांचा विश्वास बसेना. म्हणून अप्पांनी दुसरा ठोकळा लावला आणि त्यांच्यासमोर वाडगा काढला. लेथ थांबताना जसुबेननी आपोआप हात जोडले. मग भानावर येऊन विचारलं, "बटण कुठलं?"

ऑर्डर मिळाली. लग्नाआधी सगळे वाडगे गेले. भंगारवाला पुन्हा आला तेव्हा शेठनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. राणी रंगाचा ठोकळा जसुबेननी हट्टानं मागून नेला. त्यांच्या दुकानाचं दार उघडं अडवून धरायला तो बरीच वर्षं होता.

त्यानंतर मी कितीतरी आकार काढले, काही जमले, काही फुटले. पण एक पथ्य तेव्हापासून पाळतो. चालू लेथवरच्या कामाबद्दल मत देत नाही. आधी मोटर बंद करतो, मग बघतो.