त्युतेल

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या डिंगोरे गावात सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग मुलीनं नाही म्हणायचं नाही. त्या दुपारी ती सुपारी माझ्या चुलत्यांच्या हातात होती, आणि पुण्यातलं माझं फ्रेंचचं शेवटचं वर्ष बाकी होतं.

वडील मी पाळण्यात असतानाच गेले. तेव्हापासून शाळेत, दवाखान्यात, सगळीकडं पालक म्हणून चुलतेच उभे. मला पुण्याला त्यांनीच घातलं, आणि महाळुंगे पडवळचं स्थळही त्यांनीच आणलं. मला विचारलं? छे. माझं डोकं सकाळपासून तापलेलं.

मुलाकडच्या पाहुण्यांतले एक म्हातारे मिशीत हसत म्हणाले, "पोरी, फ्रेंच शिकतीस नव्हं? एखादा शब्द सांग की."

फूल, पाणी, काहीतरी सोपं सांगायचं. पण तोंडातून निघालं, "त्युतेल."

"म्हंजी?"

"पालकत्व. बाप नसलेल्या लेकराचं सगळं बघायचं, त्याच्या वतीनं ठरवायचं. लेकरू सज्ञान झालं की ते संपतं." इथं थांबले असते तर चाललं असतं. पण माझी जीभ लई आगाऊ. "मोठ्या माणसावर कुणी आपलंच चालवायला लागलं, तर तिकडं सरळ सांगतात, मला तुमची त्युतेल नको."

दाराआडून आईनं चहाच्या कपबशा घाईनं पुढं सारल्या. चुलत्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. सुपारी मुठीत दाबली, बराच वेळ दाबून धरली, आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"पावणं, च्या घ्या," ते म्हणाले. "पोरीला आजून शिकायचंय. सुपारीचं पुढं बघू."

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. आळेफाट्याला सोडायला आले तेही तोंडाला कुलूप लावूनच. मला वाटलं, गेला हा माणूस आपल्या हातून. पुण्याची एसटी लागली. जागा धरायला त्यांनी माझी बॅग खिडकीतून आत सारली, आणि तिथंच उभं राहून विचारलं, "काय गं त्यो शब्द?"

"त्युतेल," मी म्हणाले. रडू आवरत नव्हतं.

"त्यांच्यात संपत आसंल," ते म्हणाले. "पोचलीस की वाण्याच्या दुकानात फोन कर. गावात तेवढाच फोन हाय. तुझा येईस्तवर मी तिथंच बसलोय."