भाकऱ्यांची टोपली

काल एसटी स्टँडवर म्हातारे गणपाकाका शेजारच्या अनोळखी बाईला आपली अर्धी भाकरी देताना दिसले. आमच्या खोऱ्यातल्या जमिनीच्या चळवळीचे ते पुढारी. त्यांनी शाळेत घातलं म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो, पुढे शिक्षक.

"काका, चळवळ मोडली कशी? पोलिसांमुळे?"

"हॅट्, मास्तर! लाठ्या पचवल्या की आम्ही. मोर्चात सगळ्या जातींच्या भाकऱ्या एकाच टोपलीत पडायच्या. एकदा एका घरानं आपल्या भाकऱ्या वेगळ्या फडक्यात बांधून आणल्या. पुढच्या मोर्चाला टोपली रिकामीच."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"कोणत्या तोंडानं? ते घर माझंच होतं."

तुरुंगाला न भ्यालेली माणसं एका फडक्याच्या गाठीपाशी हरली, हे मी शिकलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ज्यांनी मला अक्षर दिलं, त्यांच्याविषयीच हे लिहिताना हात जड होतो.