तोंडातले पाहुणे

१९५१ साल होतं, मी बावीस वर्षांचा. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरावर कामाला होतो. दाढेचा पू जबड्यात उतरला आणि गाल डोळ्यापर्यंत सुजला. पेनिसिलिनच्या सुयांनाही जंतू दाद देईनात. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत सूज उतरली नाही, तर जबड्याचं हाड कापावं लागेल.

त्यांच्या कंपाउंडरचं नाव मी कधी विचारलं नाही. वाळलेला म्हातारा, बोलायच्या आधी चष्मा धोतराला पुसायचा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यानं औषधाच्या दोन काचेच्या नळ्या काढल्या. एक उजेडात धरून टिचकी मारली, तिची निमुळती मान मोडली आणि ती माझ्या हिरडीवर ओतली.

"यात जंतूंना खाणारे बारीक जंतू आहेत, जिवंत. दुसरी नळी उद्या सकाळी. मिठाची चूळ बंद."

मी तिरसटलो. "मिठात मासा टिकतो, माझा जबडा टिकणार नाही?"

त्यानं चष्मा पुसला. "अरे लेका, हे पाहुणे तुझ्यासाठी लढायला आलेत. त्यांच्या अंगावर मीठ टाकशील?"

दुसरी नळी खिशात घालून मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात सवयीनं मिठाच्या मडक्यात गेला. मूठ तोंडापर्यंत आली. ती मी तशीच मडक्यात रिकामी केली आणि दुसऱ्या नळीची मान मोडली.