उरलेली टेप

आमच्या घरात विकतची कोरी कॅसेट आणायची नाही, हा बाबांचा कायदा होता. कॅसेटवाल्याच्या घरात विकतची कॅसेट? लोक काय म्हणतील! बाबा वसईजवळ सातिवलीच्या एका शेडमध्ये कोऱ्या कॅसेट बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात सुपरवायझर होते. मोठ्या रिळावरची टेप मशीनवर मोजून कापायची, प्लास्टिकच्या कवचात गुंडाळायची, मग टेबलाशी बसलेल्या सात-आठ बायका लेबलं चिकटवून त्या डब्यांत भरायच्या. साठ मिनिटांची, नव्वद मिनिटांची. माप म्हणजे माप. जरा कमी भरली की बाबा ती कॅसेट बाजूला काढायचे.

दुसरा कायदा याहून कडक. चांगला माल विकायचा, घरी आणायचा नाही. घरी यायची ती उरलेली टेप. मोठं रीळ संपत आलं की शेवटी पुरतं माप भरत नाही. तेवढा तुकडा बाबा एखाद्या चरा पडलेल्या कवचात गुंडाळायचे, त्यावर लाल बॉलपेनने एका बाजूची मिनिटं लिहायचे आणि मालकांना दाखवून पिशवीत टाकायचे. सतरा. एकोणीस. चौदा. मनवेलपाड्याच्या आमच्या खोलीत शोकेसमध्ये असे आकडे रांगेने उभे होते. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो आमच्याकडे बघूनच म्हणत असावेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजात होते, तेव्हा तो बँड माझ्या आयुष्यात आला. आणला माझ्या मैत्रिणीने. ती वसईजवळच्या होळी गावातली. घरची केळीची आणि भाजीची वाडी, आणि मोठा भाऊ जहाजावर. भाऊ सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेतून साबण, चॉकलेटं आणि परदेशी बँडच्या कॅसेट निघायच्या. तिच्याकडे दोन कॅसेटचा मोठा प्लेअर होता. मी उरलेली टेप द्यायची, ती त्यावर गाणी भरून द्यायची.

"अगं, सतरा-सतरा मिनिटांत हा अल्बम बसायचा कसा?" ती कातावायची.

"बसेल तेवढा बसव," मी म्हणायचे. फुकटात भरून घेणाऱ्याने आणखी काय बोलायचं?

त्या बँडचे चार अल्बम होते आणि मी ते उलटेसुलटे ऐकले. आधी हाती लागला तिसरा. त्यात पियानो होता, गायक हळू गायचा, आणि मागचे तिघं त्याला सांभाळून वाजवायचे. मी लट्टूच झाले. मग मिळाला पहिला, तर बाप रे! मिक्सरमध्ये ओलं खोबरं फिरवावं तशी गिटार. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंद कर ते, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत मला!" दुसऱ्यात गायक तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. मैत्रिणीने कॅसेटच्या कागदावरून ओळी उतरवून दिल्या तेव्हा कुठे कळलं की हा गडी आपल्या आईबद्दल बोलतोय. चौथा सगळ्यांत शेवटी आला. लांबलचक, चिडलेली गाणी. तो मला कित्येक दिवस आवडलाच नाही.

आणि प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं अर्धवट. गायकाने वरचा सूर धरला रे धरला की खट्! बटण उडालं. तिसऱ्या अल्बमातल्या एका गाण्यात तो कुणाच्या तरी दाराशी परत येतो, काहीतरी सांगायला तोंड उघडतो, आणि खट्. मैत्रिणीच्या घरी मूळ कॅसेट होती, एक दिवस बसून पुरतं ऐकता आलं असतं. पण तिच्याकडे गेलं की तिची आई आधी खायला घालायची, मग आमच्या गप्पा, आणि गाणं राहून जायचं. खरं सांगायचं तर मला त्या तुटलेल्या जागांची सवय झाली होती. शेवट मी माझ्या मनाने लावून घेतले होते.

या सगळ्यात माझा जोडीदार कोण, तर बाबा! इंग्रजीचा गंध नाही, गाण्याबजावण्याशी घेणंदेणं नाही. पण संध्याकाळी कामावरून आले की चहाचा कप घेऊन टू-इन-वनसमोर बसायचे. मी गाणं ऐकायचे, ते टेप ऐकायचे. कुठे खरखर येते, कुठे आवाज डुलतो, हेड साफ करायला हवं का. मध्ये कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. पाहुणा असो नाहीतर घरमालक, बाबा बोट वर करायचे आणि म्हणायचे, "गप. टेप चालू आहे." कारखान्यात माल तपासतानाही ते हेच म्हणायचे. एकदा त्यांनी माझी एक कॅसेट तिथल्या मशीनवर लावून बघितली, तर टेबलावरची एक मावशी म्हणाली, "सायेब, ह्यो गानं म्हनतो का रडतो?" बाबांनी घरी येऊन ते इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी आणि आई हसून हसून लोळलो.

पण त्यांचा कान! चौथा अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा दोन गाण्यांनंतर त्यांनी कप खाली ठेवला. "ह्यांचं आपसात पटत नाहीये," ते म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय?"

"ढोलवाला त्याच्यासाठी थांबत नाही. आधीच्या कॅसेटमध्ये थांबायचा."

मी नाक उडवलं. पुढे काही महिन्यांनी मैत्रिणीच्या भावाने एक मासिक आणलं, त्यात बातमी होती की बँड फुटला. मी चाटच पडले. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते नुसतं "मग?" म्हणाले आणि पेपर वाचत राहिले. मात्र त्या दिवसापासून मी तो चौथा अल्बम बाबांच्या कानाने ऐकायला लागले, आणि मग मला तो फार आवडला. चार माणसं एका खोलीत बसून एकमेकांपासून दूर जाताना ऐकू येत होती.

मग सीडी आल्या. म्हणजे आधीही होत्या, पण आता कॉम्प्युटरवर आल्या, रस्त्यावर आल्या, सगळीकडे आल्या. बाबांच्या टेबलावरच्या बायका आठाच्या पाच झाल्या, पाचाच्या दोन. शेवटी स्क्रू आणि लेबलं बाबाच लावायला लागले. मी तेव्हा नोकरीला लागले होते, ऑफिसात कॉम्प्युटर होता, आणि डोक्यात हवा गेली होती. एका संध्याकाळी बाबा चहा पिताना म्हणाले, "मालक म्हणतात दिवाळीनंतर मागणी वाढेल. लोकांना कॅसेट लागणारच."

मी म्हटलं, "कुठल्या जगात राहता बाबा? कॅसेट कोण घेतंय आता? भंगारात जाणार आहे ते सगळं तुमचं."

तुमचं. हा शब्द मला अजून टोचतो. आई पोळी लाटता लाटता थांबली. बाबा कप उचलून गॅलरीत गेले. दुसऱ्या दिवशी मी कॅसेट लावली आणि हाक मारली, तर म्हणाले, "तू ऐक. मला काम आहे." काम कसलं आलंय, गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगकडे बघत होते. मग रोजच काम निघायला लागलं. मी पंचवीस वर्षांची घोडी, पण 'चुकलं' एवढा एक शब्द काही तोंडातून निघेना. आमच्या घरात माफी मागायची रीतच नव्हती, आणि हट्टाच्या बाबतीत मी बापाचीच लेक. आठवडा गेला, महिना गेला. बाबांशिवाय ती गाणी मला अळणी लागायला लागली होती. बाबांना परत त्या खुर्चीत कसं बसवायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात असायचा.

नेमका त्याच काळात त्या गायकाचा एकट्याचा अल्बम निघाला. मैत्रिणीच्या भावाने आणला, पण सीडीवर. कॅसेट आपल्याकडे आलीच नाही. मैत्रिणीने तो कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि सीडी माझ्या हातात ठेवली. मला नाचावंसं वाटलं, आणि मग घरी न्यायची लाज वाटली. जी वस्तू बाबांचा कारखाना बंद पाडत होती तीच मी कोणत्या तोंडाने शोकेसमध्ये लावू? मी ती कपाटात आईच्या साड्यांच्या घडीत लपवली. ऑफिसात डबा खाताना थोडी थोडी ऐकली होती, तेवढीच.

एक दिवस घरी आले, साड्यांमध्ये हात घातला, तर सीडीवर एक कॅसेट ठेवलेली. नवीकोरी. कवचावर एक चरा नाही. लाल बॉलपेनने लिहिलेलं: साडेएकवीस.

आई म्हणाली, "रेशन कार्ड शोधताना सापडली त्यांना तुझी ती तबकडी. तासभर चष्मा लावून बसले होते. पाठीवर बारीक आकडे आहेत ना, ते कागदावर उतरवत होते." सीडीच्या डबीच्या पाठीवर प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं छापलेली होती. गाण्यांची नावं बाबांना लागली नसतील, पण मिनिटं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी बेरीज केली होती, पहिली पाच गाणी एका बाजूला आणि उरलेली चार दुसऱ्या बाजूला घेतली होती, क्रम न मोडता. आणि तेवढ्या मापाची टेप चांगल्या रिळावरून, मालकांना विचारून, कापून आणली होती. "शनिवारी कुलूप लागतंय," आई हळूच म्हणाली. "मशीन आजच बंद केलं. हे शेवटचं."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि हमसून हमसून रडले. जन्मात पहिल्यांदा बाबांनी चांगला माल घरी आणला होता.

रविवारी होळी गावात मैत्रिणीकडे जाऊन तिच्या कॉम्प्युटरवरून गाणी भरून घेतली. मैत्रीण बघतच राहिली. "काय गं हे, शिंप्याने अंगावर मापून शिवल्यासारखं!"

संध्याकाळी मी टू-इन-वन जमिनीवर मधोमध ठेवला, चहा ठेवला आणि हाक मारली. बाबा येऊन बसले. टेपवर फक्त एक गिटार आणि तो गायक. आवाज थोडा म्हातारा झालेला. पहिली बाजू संपली, मी उलटवली. दुसऱ्या गाण्यात बाबा म्हणाले, "मागचे लोक गेले वाटतं ह्याचे."

"हो. एकटाच आहे आता."

"म्हणून श्वास ऐकू येतो." मग बऱ्याच वेळाने, "बरं गातो पण."

शेवटचं गाणं आलं. माझ्या खांद्यांना सवयच होती, आता खट् होणार म्हणून मी अंग चोरून बसले. झालं नाही. गायकाने म्हणायचं ते सगळं म्हणून घेतलं, गिटारची तार विझत विझत गेली, गाणं पुरतं संपलं. आणि टेप फिरतच राहिली. नुसता सूंऽऽ आवाज.

"माप चुकलं की काय, बाबा?" मी मुद्दाम डिवचलं. कितीतरी महिन्यांनी.

"चुकतंय कसलं! मुद्दाम सोडलीय," बाबा फणकारले. "गाणं संपलं न् लगेच बटण उडालं तर माणूस दचकतो. जरा बसायला नको?"

टेप फिरत होती. बाबा तिच्याकडे बघत होते. आत्ता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"बाबा, त्या दिवशी मी जे बोलले ना, ते..."

बाबांनी बोट वर केलं.

"गप," ते म्हणाले. "टेप चालू आहे."